पांढऱ्या मिशांचे तरुण प्रतिनिधी

आमच्या विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात ग्रुप फोटोची वेळ झाली की फोटोग्राफर दरवर्षी एकच वाक्य म्हणायचा, "तरुण मंडळी, खाली बसा." खुर्च्यांपुढच्या सतरंजीवर पोरंपोरी पटापट मांडी घालायची. आणि त्यांच्या मधोमध, पांढऱ्याशुभ्र मिशांचा आणि थेट टाळूपर्यंत कपाळ असलेला एक गृहस्थ, दोन्ही बाजूंच्या पोरांच्या खांद्यांवर भार टाकत, गुडघे कडकड वाजवत हळूहळू खाली उतरायचा. मधल्या खुर्चीतून अध्यक्ष म्हणायचे, "अहो, वर या, खुर्ची रिकामी आहे."

खालून उत्तर यायचं, "मी तरुणांसना प्रतिनिधी शे. मन्ही जागा आठेच."

फोटो निघायचा. मग त्यांना उठवण्यासाठी निम्मी तरुण पिढी कामाला लागायची.

त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगूनही उपयोग नाही, कारण अख्ख्या नंदुरबारात त्यांना नावाने कोणी ओळखतच नव्हतं. दूधवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, 'प्रतिनिधी'. त्यांची बायको म्हसावदची, जिभेला धार असलेली बाई. फोन केला की सांगायची, "प्रतिनिधी आंघोळीले गयात. तरुण माणूस, टाइम लागस."

आता हा चमत्कार घडला कसा, ते सांगायला हवं. आमची परिषद म्हणजे जिल्ह्यात आणि आसपास विज्ञान शिकवणाऱ्यांचा मेळा. वर्षातून एक अधिवेशन, अधूनमधून कार्यकारिणीची सभा, आणि सभेत समोसा द्यावा की कचोरी यावर खडाजंगी. मी तिचा सहसचिव, म्हणजे इतिवृत्त लिहिणारा आणि वाद मिटेपर्यंत दोन्ही पदार्थ खाणारा. परिषदेची घटना लिहिली गेली तेव्हा एका संस्थापकांच्या मनात आपल्या जावयाची सोय लावायची होती. तरुण संशोधकांचा एक प्रतिनिधी कार्यकारिणीवर असावा, असं ठरलं. पण जावयाने चाळिशी ओलांडलेली. मग वयाची अट गाळून व्याख्या केली गेली, ती अशी: जो पीएचडीची तोंडी परीक्षा अजून उत्तीर्ण झालेला नाही, तो तरुण. शिवाय जावयाला जरा वजन यावं म्हणून आणखी एक कलम घातलं. नवोदितांच्या सत्रात कोणाचं संशोधन कोण वाचणार, याला प्रतिनिधीची संमती हवी. संमती नसेल तर सत्र नाही.

पुढे जावई सासऱ्याशी भांडून बडोद्याला निघून गेला. कलमं मात्र इथेच राहिली, आणि त्या रिकाम्या जागेवर आमचे प्रतिनिधी येऊन बसले. ते उठलेच नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे. त्या नोकरीला पीएचडी लागत नव्हती, आणि या पदाला पीएचडी नसणं लागत होतं. असा सुवर्णयोग कुंडलीत एखाद्याच्याच येतो.

मी एकदा म्हटलं, "प्रतिनिधी, निदान मिशांना कलप तरी लावा. बाहेरचे पाहुणे घोटाळतात."

ते म्हणाले, "केस पिकनात, पद नही पिकनं."

तरुणांची बाजू घेण्यात मात्र कोणी त्यांचा हात धरला नसता. पूर्वी अधिवेशनात पाहुणे, अध्यक्ष, प्राध्यापक जेवून झाले की उरलेली शेवभाजी तरुणांच्या वाट्याला यायची, आणि वाढायचं कामही त्यांनाच. प्रतिनिधींनी याविरुद्ध लढा उभारला. भर सभेत टेबलावर मूठ आपटून गरजले, "जो खुर्च्या उचलतो, तो आधी जेवला पाहिजे!" ठराव मंजूर झाला. पुढच्या अधिवेशनात तरुणांची पहिली पंगत बसली. म्हणजे प्रतिनिधी बसले. बाकीचे तरुण वाढत होते, कारण वाढणार दुसरं कोण? प्रतिनिधींनी भरीत, कळण्याची भाकरी आणि वर ज्वारीच्या बिबडे-पापडांचा चुरा असं साग्रसंगीत जेवून ढेकर दिला आणि म्हणाले, "तरुणांना न्याय मिळाला."

नवोदितांचं सत्र तोवर घटनेच्या कागदावरच होतं; ते प्रत्यक्षात भरवलं, हीही त्यांचीच कमाई. पहिल्याच वर्षी ते प्रास्ताविकाला उभे राहिले. "तरुणांना बोलू द्या!" या विषयावर ते इतके तळमळीने बोलले की खुर्च्या झाडायला आलेला शिपाईसुद्धा दारात थांबून राहिला. बोलणं संपलं तेव्हा सत्राची वेळही संपली होती. पेन ड्राइव्ह मुठीत धरून बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि सतरंज्या गुंडाळायला घेतल्या.

त्यांनी तरुणांचा व्हॉट्सॲप ग्रुपही काढला होता, 'उगवते संशोधक'. त्यावर फक्त ॲडमिनला मेसेज टाकता यायचा.

तुम्ही म्हणाल, माणूस ढोंगी होता. छे हो! ढोंगी माणूस आम्हाला नवा नव्हता, आमची निम्मी कार्यकारिणी त्यातच निष्णात होती. हा माणूस मनापासून करायचा, हीच तर खरी पंचाईत. अधिवेशनाला बाहेरगावची पोरं वसतिगृहात उतरायची, तर हे शहरातलं स्वतःचं घर सोडून वळकटी घेऊन तिथे झोपायला जायचे. प्रतिनिधीने तरुणांत राहिलं पाहिजे म्हणून. त्यांच्या घोरण्याने तरुण रेल्वे स्टेशनवर जाऊन झोपायचे, तो भाग वेगळा. पण एका पोराला ताप भरला तेव्हा त्याला मागे बसवून स्कूटरवर दवाखान्यात हेच घेऊन गेले होते, आणि वाटेत त्याला त्याचे हक्क समजावून सांगत होते.

आता त्यांच्या संशोधनाबद्दल. विषय शेणकिडा. गाव रनाळे, घरी शेती, गुरंढोरं, आणि बाजूला गायरान. या गायरानावर गडी वर्षानुवर्षं रांगला. गुडघ्यांना पोत्याचे तुकडे बांधायचे, हातात आइस्क्रीमच्या काड्या घ्यायच्या, आणि शेणाचा गोळा ढकलत निघालेल्या किड्याच्या मागे एकेक काडी रोवत जायचं. गावातल्या बायांनी त्यांच्या आईला विचारलं, "माय, तुन्हा आंडोर दिनभर काय शोधी ऱ्हायना?" आई बिचारी म्हणाली, "त्यान्हं काहीतरी हरवेल शे."

पण या माणसासोबत गायरानावर बसावं आणि ऐकावं! मी भौतिकशास्त्राचा, मला किड्यांचं काय? तरी एक अख्खी सकाळ मी तिथे पालथा पडून काढली आहे. एक किडा घामाघूम होऊन गोळा वळतो (घाम माझ्या पदरचा), आणि दुसरा आयता येऊन तो पळवून नेतो, हे त्यांनी मला तिथेच दाखवलं. "देखा? गोळा एक जण वळस, आनि दुसरा टपी बठेल ऱ्हास," ते म्हणाले. "आपली परिषद याले माहीत नही, तरी बराबर जमस."

त्यांचा प्रबंध तयार होऊन युगं लोटली होती. पण सादर केला असता तर परीक्षा, आणि परीक्षा झाली की तारुण्य संपलं! म्हणून दरवर्षी ते प्रबंधाला नवी बांधणी करायचे, म्हणजे कव्हरवरचं साल बदलायचे. बाजारात पुस्तकबांधणीचं दुकान असलेले सलीमभाई तीन पिढ्यांचे बांधणीवाले. शेवटी तेही कंटाळले. "प्रतिनिधीसाब, हर साल कपडा नया, दूल्हा वही. इस बार साल की जगह खाली छोड़ देता हूँ, पेन्सिल से लिख लेना."

विद्यापीठाच्या नियमांतल्या फटींतून ते नोंदणी वाढवून घेत राहिले. मग एके वर्षी विद्यापीठाने फटी बुजवल्या. प्रबंध द्या, नाहीतर नोंदणी रद्द. नोंदणी रद्द म्हणजे संशोधक नाही, आणि संशोधक नाही म्हणजे प्रतिनिधी नाही. आम्हाला वाटलं आता हे खचतील. पण ते शांत होते. "देई टाकसु," म्हणाले. "प्रबंध तपासाले गया, म्हणजे समजा काशीले गया. चार-पाच वरीस कोण इचारस?"

आणि त्यांनी तो दिलाही. त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडे परीक्षकाकडे गेलेला प्रबंध परत येईपर्यंत उमेदवाराची मुलं शाळेत जायला लागतात. परीक्षक परदेशी असतात, आजारी असतात, प्रबंध त्यांच्या कपाटामागे पडलेला असतो. प्रतिनिधींनी या दिरंगाईवर आयुष्यभर आगपाखड केली होती, आणि त्यांचा सगळा भरवसाही तिच्यावरच होता. पण एक गोष्ट त्यांनी लक्षात घेतली नाही. अध्यक्षांना त्यांच्यापासून सुटका हवी होती.

आमचे अध्यक्ष प्राणिशास्त्राचे. भारदस्त आवाज, कडक इस्त्री, आणि पाहुण्यासमोर कमालीचे गोड. प्रतिनिधींचे मार्गदर्शक तेच, आणि रमिलाचेही तेच.

ही रमिला धडगावकडच्या डोंगरातली. घरी पावरी बोलणारी, आमच्याशी मोजकं, जपून मराठी बोलणारी मुलगी. मोहाच्या फुलांवर येणाऱ्या वटवाघळांवर तिचं काम होतं. आपल्याच पाड्यावर, मोहाच्या झाडांखाली बाज टाकून तिने हंगामामागून हंगाम जागून काढले होते. कोणतं वटवाघूळ कोणत्या झाडावर येतं, एका झाडाचा पराग दुसरीकडे कसा पोचतो, सगळं तिने टिपलं होतं. अध्यक्षांनी तो डोंगर दुरूनच पाहिला होता. घाट सुरू झाला की त्यांना गाडी लागायची.

एका संध्याकाळी मी प्रतिनिधींच्या ओसरीवर चहा पीत बसलो होतो, तेव्हा ती आली. उभ्यानेच म्हणाली, "सर, अधिवेशनात नवोदितांच्या सत्रात माझा पेपर गाइड सर वाचणार आहेत. त्यांच्या एकट्याच्या नावाने."

"आनि तुन्हं नाव?" प्रतिनिधींनी विचारलं.

"आभारात आहे."

"आभारामा कोठे?"

"ड्रायव्हरच्या नंतर."

प्रतिनिधींनी कप खाली ठेवला. ती पुढे म्हणाली, "सर, तो पेपर म्हणजे माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण आहे. आधी त्यांच्या नावाने वाचला गेला, छापला गेला, तर उद्या माझ्या प्रबंधात तेच लिहिलेलं दिसेल. मग मीच त्यांचं चोरलं असं होईल. माझी सगळी वर्षं जातील."

इतकं सरळ गाऱ्हाणं आमच्या परिषदेत कधी कोणी मांडलं नव्हतं. प्रतिनिधींच्या मिशा थरथरल्या. "घाबरू नको. संमती कोणी देवानी? मी देवानी. नही देत! सभेमा असं बोलसु, असं बोलसु का..."

"सर, मला बोलायचं आहे."

"तू बोलशी ना! पन पहिले मी बोलसु."

आतून त्यांची बायको म्हणाली, "पोरी, तुन्हा नंबर लागता लागता मोहाले दुसरा बहर येई जाई."

त्या रात्रीच प्रतिनिधींनी 'उगवते संशोधक' ग्रुपवर रणशिंग फुंकलं. ॲडमिनचा एकच मेसेज, फळ्यासारखा लांब: चोरी खपवून घेतली जाणार नाही, कार्यकारिणीच्या सभेत संमती नाकारली जाईल. ग्रुपवरच्या कोणा पोराने तो अध्यक्षांना पुढे पाठवला. आणि मग, मंडळी, भारतीय विद्यापीठांच्या इतिहासात कधी झाला नसेल असा वेग मी पाहिला! अध्यक्षांनी फोन फिरवले. कपाटामागचे प्रबंध कपाटापुढे आले. आजारी परीक्षक बरे झाले. दोन्ही अहवाल इतके झटपट आणि इतके गोड आले की वाचून प्रतिनिधी पांढरे पडले. एकाने लिहिलं होतं, 'शेणकिड्याला असा भाष्यकार मिळाला, हे त्याचं भाग्य.' तोंडी परीक्षा ठरली, तीही कार्यकारिणीच्या सभेच्याच दिवशी. सकाळी परीक्षा, दुपारी सभा. म्हणजे सकाळी उमेदवार डॉक्टर झाला की दुपारी प्रतिनिधी उरणार नाही, आणि संमतीचं कलम पोकळ होईल. पदवीच्या मागे पळणारी माणसं मी खूप पाहिली. पदवी माणसाच्या मागे पळताना तेवढीच एकदा पाहिली.

"आते एकच मारग," प्रतिनिधी मला म्हणाले. "नापास व्हवानं."

त्याआधी त्यांनी एक प्रयत्न करून पाहिला. बाहेरचे परीक्षक सुरतेकडून पॅसेंजरने येणार होते. प्रतिनिधींनी त्यांना फोन करून अत्यंत अदबीने सांगितलं की नंदुरबारपेक्षा खांडबाऱ्याला उतरणं सोयीचं पडेल. परीक्षक उतरले. तिथे त्यांना आठवडे बाजार लागला, गरम भजी मिळाली, रानातल्या भाज्या विकणाऱ्या बायांशी त्यांनी गप्पा मारल्या, आणि एका काळीपिवळी जीपमध्ये पुढे बसून ते वेळेच्या आधी नंदुरबारला हजर झाले. "काय सुंदर वाट दाखवलीत!" असं म्हणत त्यांनी प्रतिनिधींना मिठीच मारली. प्रतिनिधींचा चेहरा कडू कारल्यासारखा झाला.

परीक्षेला हॉल भरला होता. रमिला मागच्या बाकावर होती. प्रतिनिधी मुद्दाम स्लाइड न आणता, शर्टाचं बटण उघडं टाकून उभे होते.

परीक्षक म्हणाले, "सोप्या प्रश्नाने सुरुवात करू. शेणकिड्याला पाय किती?"

"चार."

अध्यक्ष लगबगीने म्हणाले, "म्हणजे चालण्याचे चार. पुढचे दोन तो हातांसारखे वापरतो, असं त्यांना सुचवायचं आहे."

"वा! नवा दृष्टिकोन," परीक्षक म्हणाले. "तुमच्या संशोधनाचा समाजाला उपयोग काय?"

"काहीच नाही."

"किती दुर्मिळ प्रामाणिकपणा! आणि आधीच्या संशोधकांचे ग्रंथ कसे अभ्यासलेत?"

"एकही वाचला नाही."

"म्हणूनच विचार इतके स्वतंत्र आहेत," अध्यक्ष डोळे मिटून म्हणाले.

मी तोंडावर रुमाल धरून बसलो होतो. प्रतिनिधी हतबल होऊन इकडेतिकडे बघत होते. माणसाने नापास तरी किती व्हायचं? त्यांनी किड्याचं शास्त्रीय नाव चुकवलं, त्याचा पावसाळा उन्हाळ्यात ढकलला, आपल्या आलेखाकडे बोट दाखवून "हे काय ते मला आठवत नाही" असंही म्हटलं. प्रत्येक उत्तरावर माना डोलत होत्या. तरीही परीक्षक अजून उत्तीर्ण म्हणाले नव्हते, आणि माझ्या मनात आलं, अशीच आणखी पाचदहा उत्तरं गेली तर या भल्या माणसालासुद्धा पास करायची लाज वाटेल. त्यांच्या कपाळावर आठी पडायला लागलीही होती.

एवढ्यात ते सहानुभूतीने म्हणाले, "असो. विषयच तसा आहे. शेवटी शेणकिडा म्हणजे घाणीत लोळणारा एक क्षुद्र जीव. त्याच्यासाठी तुम्ही एवढी वर्षं घालवलीत, हेच मोठं. अधिक काय विचारणार?"

प्रतिनिधींनी मान वर केली. मागच्या बाकावर रमिलाने डोळे मिटून घेतले. तिला कळलं होतं पुढे काय होणार. मलाही कळलं होतं. मी मनात म्हणत होतो, गप्प बसा हो, एवढा एक अपमान गिळा, दुपारपर्यंत कळ काढा.

"क्षुद्र?" प्रतिनिधी म्हणाले. "कोण क्षुद्र? घाणीमा तो लोळस नही, साहेब. घाण तो उचलस!"

आणि धरण फुटलं. मिशा ताठ झाल्या, पाय चाराचे सहा झाले, सगळे ग्रंथ वाचलेले निघाले. गायरानावरचं शेण हा किडा जमिनीत नेऊन पुरतो म्हणून माश्या कमी होतात, माती भुसभुशीत होते, गवताचं बी रुजतं, हे त्यांनी खडू घेऊन फळ्यावर मांडलं. मग टेबलापुढे येऊन ते चक्क वाकले, हात जमिनीला टेकले, आणि पाठमोरं होऊन गोळा कसा ढकलायचा ते करून दाखवलं. "निघण्याआधी तो गोळ्यावर चढतो," ते म्हणाले, "आणि एक गिरकी घेतो. सूर्य कुठे आहे ते बघून ठेवतो. काही जातींना तर अंधारात आकाशगंगेचा उजेड पुरतो. पुढे दिसत नाही, तोंड खाली, पाय वर, तरी सुतासारखा सरळ जातो. आपण तोंड पुढे करून चालतो आणि कुठे जातो, ते या सभागृहात मी सांगायला नको."

खिडकीतून वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारीवरचा वारा येत होता, तरी कोणी शिंकलं नाही. अध्यक्षांचंसुद्धा तोंड किंचित उघडं राहिलं होतं. माझ्या ओळखीचा हा विदूषक इतकी वर्षं एवढं घेऊन फिरत होता आणि आम्ही त्याच्या गुडघ्यांना हसत होतो.

परीक्षक उभे राहिले. त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांनी प्रतिनिधींचा खडूने माखलेला हात हातात घेतला आणि म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर!"

टाळ्यांच्या कडकडाटात प्रतिनिधींनी दुसरा हात कपाळावर मारून घेतला. "घात व्हयना, भाऊ!" ते माझ्याकडे बघून म्हणाले. मग त्यांची नजर मागच्या बाकावर गेली. रमिलाही टाळ्या वाजवत होती. पण तिचा चेहरा उतरला होता.

दुपारी सभा भरली. अध्यक्ष इतके खुशीत होते की परीक्षकांनाही त्यांनी पाहुणे म्हणून शेजारी बसवून घेतलं. ही त्यांची पहिली चूक. दुसरी चूक त्यांनी लगेचच केली. पहिला विषय अभिनंदनाचा. "आपले लाडके प्रतिनिधी आज डॉक्टर झाले," ते म्हणाले, "त्यामुळे घटनेनुसार त्यांचं तरुणपण, अरेरे, संपुष्टात येत आहे. रिवाजाप्रमाणे त्यांनी निरोपाचे दोन शब्द बोलावेत."

आमच्या परिषदेचा निरोपाचा रिवाज मोठा पवित्र. जाणाऱ्याने आपल्या जागी माणूस सुचवायचा आणि उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या. विरोध कोणी करायचा नाही, कारण ज्याला त्याला आपण जाताना आपला माणूस बसवायचा असतो. अध्यक्षांची खुर्ची त्यांना याच वाटेने त्यांच्या सासऱ्यांकडून आली होती आणि याच वाटेने पुढे त्यांच्या पुतण्याकडे जायची होती. निरोपात प्रतिनिधी स्वतःविषयीच तासभर बोलतील, एवढाच अध्यक्षांचा अंदाज होता. इतक्या वर्षांचा अनुभव तसाच होता म्हणा.

प्रतिनिधी उठले. घसा खाकरला. मला वाटलं, आता संस्थापकांपासून सुरुवात होणार. पण ते फक्त एवढंच म्हणाले, "माझ्या जागेसाठी मी रमिलाचं नाव सुचवतो." आणि टाळ्या वाजवायला लागले. एकटेच.

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षक बिचारे काहीच माहीत नसल्याने हौसेने टाळ्या वाजवत होते. मग पुतण्याचा विचार मनात आला असावा, कारण अध्यक्षांचे तळवेही एकमेकांना टेकले. मी तर केव्हाच सुरू केलं होतं.

रमिला बाहेर चहाचे कप मांडत होती. तिला आत बोलावलं, विचारलं. "चालेल," ती म्हणाली, आणि रिकाम्या झालेल्या खुर्चीच्या कडेवर टेकली. अध्यक्ष गडबडीने म्हणाले, "अभिनंदन, बेटा. पुढचा विषय, नवोदितांचं सत्र. कार्यक्रम आधीच ठरला आहे, संमती गृहीत धरूया."

माजी प्रतिनिधी ताडकन उठले. "थांबा! या पोरीचं म्हणणं असं शे का..."

"सर," रमिला म्हणाली, "तुम्ही बसा. मी बोलते."

त्यांचं तोंड उघडं, हात हवेत. त्यांना कोणी बसा म्हटल्याचं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ते बसल्याचं तर पाहिलंच नव्हतं. ते बसले.

तिच्या प्रबंधावर अजून अध्यक्षांची सही व्हायची होती, हे तिच्याइतकंच आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी ती अध्यक्षांकडेच बघून बोलली. "मोहाचा पेपर तुमच्या नावाने वाचायला माझी संमती नाही, सर. तो मी वाचेन. माझं नाव पहिलं, मार्गदर्शक म्हणून तुमचं दुसरं. आणि सत्र जेवणाआधी हवं."

"बेटा, तुला सभेचा अनुभव नाही," अध्यक्ष गोड हसून म्हणाले.

"हो सर. आणि तुम्हाला मोहाखाली बसण्याचा नाही."

कोणीतरी खोकल्याचं सोंग केलं. अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "आणि संमती नसताना आम्ही ठरवलं तर?"

"तर सत्रच होत नाही. असं कलम आहे ना?" तिने माझ्याकडे पाहिलं.

"आहे," मी म्हणालो. कोणत्याही प्रश्नाचं उत्तर मी इतक्या आनंदाने दिलेलं नाही.

परीक्षक पुढे सरकून बसले. "वटवाघळं आणि मोह? फार छान! हे तुम्ही स्वतः केलंत? मग मी ऐकायला येणार. अध्यक्ष महाराज, तुमचे विद्यार्थी काय एकेक रत्न आहेत!" बाहेरगावचा पाहुणा कौतुक करत असताना आमच्या अध्यक्षांना नाही म्हणता येत नाही. ते हसले, मान डोलावली, आणि रत्नं आपणच घडवली अशा थाटात त्यांनी विषय मंजूर केला.

अधिवेशनात ती बोलली. जेवणाआधी, भरल्या हॉलसमोर, स्वतःच्या नावाने. परीक्षक कबूल केल्याप्रमाणे आले होते आणि सारखे प्रश्न विचारत होते. तिने एकाही प्रश्नाकडे पाठ फिरवली नाही. माहीत नव्हतं तिथे "माहीत नाही, बघते" म्हणाली. हे उत्तर आमच्या परिषदेत पहिल्यांदाच ऐकू आलं. तिच्या मागून तिघा नवोदितांनीही आपापलं काम वाचलं. प्रास्ताविक कोणीच केलं नाही, त्यामुळे वेळ उरला.

डॉक्टरसाहेब शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी होते. दोनतीनदा त्यांचा हात अर्ध्यावर उठला, आणि प्रत्येक वेळी त्यांनी तो दुसऱ्या हाताने खाली ओढला. सत्र संपलं तशी पोरं रमिलाभोवती गोळा झाली. आम्ही दोघं फाटकाकडे निघालो.

"कशी बोलनी?" त्यांनी विचारलं.

"झकास बोलली."

"मी बोलतू तर यान्हापेक्षा जोरमा बोलतू," ते म्हणाले.

"त्यात शंकाच नाही."

ते फाटकाशी थांबले आणि हॉलकडे वळून पाहत राहिले. आत अजून प्रश्न चालू होते.

"पन मन्हा भाषणनंतर," ते म्हणाले, "कोणी काही इचारतं नही."